शस्त्रक्रियेनंतरचे चार घास

स्थूल माणसाला उपदेश करण्यासाठी आपल्या समाजात कोणत्याही पदवीची जरुरी लागत नाही. खोकणाऱ्या रोग्याला 'जरा कमी खोकत जा' असे कोणी सांगत नाही. परंतु लठ्ठ मनुष्य पंगतीला बसला की शेजारचा त्याच्या पानाकडे पाहतो आणि न विचारता दोन शब्द ऐकवतो. शाळेतही तेच. वर्षाच्या पहिल्या आठवड्यात एखाद्या मुलाला जे टोपणनाव पडते, ते दहावीची परीक्षा होईपर्यंत त्याची पाठ सोडीत नाही. ह्या साऱ्या उपदेशाच्या आणि थट्टेच्या मुळाशी एकच समजूत असते : स्थूलता म्हणजे खादाडपणा, आणि खादाडपणा म्हणजे मनाचा दुबळेपणा. ही समजूत उपचारापूर्वी माणसाला दुःख देते, हे आपण जाणतोच. उपचारानंतर, विशेषतः जठरावर शस्त्रक्रिया झाल्यानंतर, ती त्याच्या जिवावरही बेतू शकते. ते कसे, हे आज सांगावयाचे आहे.

आम्हा ख्रिस्ती लोकांच्या धर्मशिक्षणात सात प्रमुख पापांची यादी मुलांकडून पाठ करून घेतली जाते. सहाव्या शतकात पोप महान ग्रेगरी ह्यांनी ह्या यादीला जे रूप दिले त्यात खादाडपणा होता, आणि तो आजही आहे. पण तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस ह्यांनी त्याचे विवेचन केले तेव्हा त्यांनी दोष ठेवला तो खाण्याच्या अमर्याद वासनेवर, देहाच्या घेरावर नव्हे. स्वतः अक्वायनस चांगलेच स्थूल होते असे परंपरा सांगते. आपल्याकडे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, एकविसाव्या अध्यायात, अतिस्थूलतेची चर्चा आहे. तेथे अतिभोजन, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप ह्या कारणांबरोबर 'बीजस्वभाव' हेही एक कारण दिलेले आहे. म्हणजे माणूस आपल्या आईबापांकडून जे घेऊन येतो, त्यालाही ह्या रोगात वाटा आहे, ही गोष्ट आपल्या वैद्यांना फार पूर्वीच दिसली होती.

आधुनिक शास्त्राने तिला आकड्यांचा आधार दिला. डेन्मार्कमध्ये लहानपणी दत्तक गेलेल्या ५४० व्यक्तींची पाहणी १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली. ही मुले ज्या घरात वाढली, ज्या टेबलावर जेवली, त्या घरातल्या आईबापांशी त्यांच्या वजनाचा मेळ बसला नाही. तो बसला जन्मदात्या आईबापांशी. ह्याचा अर्थ अन्नाला महत्त्व नाही असा नव्हे. सुबत्ता नसती तर बीज असूनही ते उगवले नसते. पण एकाच पंक्तीला सारखेच जेवून एक भाऊ सडपातळ राहतो आणि दुसरा फुगत जातो, ह्याचे उत्तर केवळ मनोनिग्रहात शोधणे अन्यायाचे आहे.

ह्याहून उद्‌बोधक असा एक प्रयोग अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ च्या सुमारास झाला. युद्धाने उपासमारीत लोटलेल्या युरोपातील लोकांना पुन्हा अन्न कसे द्यावे, हे ठरविण्यासाठी अ‍ॅन्सेल कीज ह्या शास्त्रज्ञाने छत्तीस निरोगी तरुण निवडले. हे तरुण सद्‌सद्विवेकबुद्धीला स्मरून युद्धात शस्त्र धरण्यास नकार देणारे होते. म्हणजे निश्चयाच्या बाबतीत त्यांना कोणी नावे ठेवू शकले नसते. सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवण्यात आले आणि त्यांचे वजन सुमारे एकचतुर्थांशाने घटले. तेव्हा हे निग्रही तरुण ताटल्या चाटू लागले, पाककृतींची पुस्तके जमवू लागले, रात्रंदिवस अन्नाचीच स्वप्ने पाहू लागले. त्यांच्या शरीरांनी बसल्या जागी होणारा ऊर्जेचा खर्चही आखडता घेतला. प्रयोग संपल्यावर पोट फुटेपर्यंत जेवूनही त्यांची भूक शमेना, आणि पुढे पुष्कळांच्या अंगावर पूर्वीपेक्षाही अधिक चरबी चढली. शरीर आपले वजन राखण्यासाठी झगडते, ही गोष्ट तेव्हा उघड झाली. ते कोणत्या हत्यारांनी झगडते, हे कळावयास आणखी पन्नास वर्षे लागली. १९९४ मध्ये लेप्टिन नावाच्या संप्रेरकाचा शोध लागला. हे संप्रेरक चरबीच्या पेशींतून रक्तात जाते आणि साठा पुरेसा असल्याचे मेंदूला कळविते. चरबी घटली की हा निरोपही क्षीण होतो. १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना जठरातून निघणारे घ्रेलिन सापडले. ते भुकेची हाक देते. आहार कमी करून वजन उतरविले की ही हाक मोठी होत जाते. पथ्य करणारा मनुष्य वर्षाच्या शेवटी का थकतो, ह्याचे कारण येथे आहे.

आपल्या देशाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी आसपासच्या खेड्यांतील नवजात बालकांचा अभ्यास केला, तेव्हा ही बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने पुष्कळ कमी, पण त्या मानाने चरबी राखून असलेली आढळली. २००४ मध्ये 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक ह्यांनी आपले आणि जॉन युडकिन ह्या इंग्रज सहकाऱ्याचे शेजारी उभे असलेले छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकराच्या अंगात २१.२ टक्के! सदऱ्याखाली लपलेली ही पोटाची चरबी मधुमेहाला बोलावणे धाडते. म्हणून भारतीयांसाठी मोजमापेही कडक ठेवलेली आहेत. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो आकडा येतो, त्याला बी.एम.आय. म्हणतात. पाश्चात्त्य देशांत तो ३० झाला म्हणजे स्थूलता मानतात. आपल्याकडे २३ पासून वजन अधिक आणि २५ पासून स्थूलता, असे २००९ मध्ये तज्ज्ञांनी ठरविले. एकशे साठ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीला ५९ किलोला सावध व्हावे लागते आणि ६४ ला उपचाराचा विचार करावा लागतो. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरांपेक्षा अधिक असू नये. शिंप्याची टेप प्रत्येक घरी असतेच. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तर पाश्चात्त्य मापाप्रमाणे जास्त वजन, म्हणजे २५ वा त्याहून अधिक आकडा, देशातील प्रौढ स्त्रियांपैकी २४ टक्क्यांत आणि पुरुषांपैकी जवळजवळ २३ टक्क्यांत आढळला होता.

आता आहाराकडे वळू. शंभर किलो वजनाच्या माणसाने पाच ते दहा किलो वजन कमी केले आणि ते तसेच राखले, तरी रक्तदाब, रक्तातील साखर आणि गुडघे ह्या तिघांनाही दिलासा मिळतो. तेव्हा पहिले ध्येय एवढेच असावे. तरुणपणीच्या लग्नाच्या फोटोपर्यंत परत जाण्याचा अट्टाहास नको. उपाय कोणता, ह्याविषयी दर दहा वर्षांनी नवी लाट येते. १८६३ मध्ये लंडनचा विल्यम बँटिंग नावाचा प्रेतसंस्कारांची व्यवस्था पाहणारा गृहस्थ पाव, साखर आणि बटाटे सोडून बारीक झाला. त्याने त्यावर छोटेसे पुस्तक लिहिले आणि इंग्रजीत त्याच्या नावाचे क्रियापदच रूढ झाले. तेव्हापासून आजपर्यंत कोणी पिष्ट वर्ज्य करतो, कोणी स्निग्ध. माणसाला जे पथ्य वर्षानुवर्षे पाळता येते तेच त्याला लागू पडते, हा अनुभव मात्र बदललेला नाही.

आपल्या स्वयंपाकघरात हिशेब करावयाचा तर मी तेलाच्या डब्यापासून सुरुवात करीन. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागत असेल, तर प्रत्येकाच्या पोटात रोज सुमारे अडतीस ग्रॅम तेल जाते, आणि त्याचे साडेतीनशेच्या आसपास उष्मांक होतात. तेच तेल तीन लिटरांवर आणले तर माणशी रोज सव्वाशेहून अधिक उष्मांक वाचतात, आणि कोणाचे पान अपुरे राहत नाही. ही वजाबाकी सहावीतल्या मुलालाही करता येते. दुसरे, उपवास. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण उगीच पडलेली नाही. साबुदाणा, दाण्याचे कूट, तूप आणि बटाटा मिळून जे ताट होते, ते नेहमीच्या भाजी-भाकरीपेक्षा हलके नसते. आमच्या उपवासकाळातही मांस सोडून तळलेल्या माशांवर ताव मारणारे मी पाहिले आहेत. तिसरे, चरकाने स्थूल माणसासाठी सुचविलेले तत्त्व : अन्न पोटाला जड असावे, पण पुष्टी देणारे नसावे. भाजीपाला, कोशिंबीर, मोड आलेली कडधान्ये, ज्वारी-बाजरीची भाकरी ही चोथ्याने भरलेली अन्ने ह्याच जातीची. इंदूरकरांनी पोह्यांवरची शेव आणि शेजारची जिलेबी सोडावी, असे सांगण्याचे धाडस मी करीत नाही; पण ती रोजची न्याहारी असू नये, इतके म्हणावयास हरकत नाही.

औषधांचा इतिहास फारसा गौरवास्पद नाही. १९३० नंतरच्या दशकात डायनायट्रोफेनॉल नावाचे रसायन अमेरिकेत लोक वजनासाठी घेऊ लागले. त्याने शरीर अक्षरशः आतून तापत असे. काहींना मोतीबिंदू झाले, काही तापानेच दगावले, आणि १९३८ मध्ये त्यावर बंदी आली. हृदयाच्या झडपा बिघडविणारे फेनफ्ल्युरामीन १९९७ मध्ये मागे घेतले गेले. ह्या पार्श्वभूमीवर अलीकडची टोचून घ्यावयाची औषधे निराळी आहेत, हे मान्य केले पाहिजे. जेवणानंतर आतड्यातून जे तृप्तीचे संप्रेरक निघते, त्याची ती नक्कल करतात. सेमाग्लुटाइड अमेरिकेत २०२१ पासून स्थूलतेसाठी मान्य झाले. आपल्याकडे ह्या कुळातील टिर्झेपेटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड २०२५ मध्ये बाजारात आले. ६८ आठवड्यांच्या एका मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइडने सरासरी १५ टक्के वजन उतरले. परंतु औषध थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोनतृतीयांश वजन परत आले. मिनेसोटाच्या तरुणांची गोष्ट आठवली म्हणजे ह्यात नवल वाटत नाही. शिवाय भूक मेल्यामुळे माणूस चहा-बिस्किटावर दिवस काढतो आणि चरबीबरोबर स्नायूही झिजवून बसतो. औषध डॉक्टरांनी दिलेले असावे. मित्राने आणून दिलेले नसावे.

शस्त्रक्रियेची कल्पना एका निरीक्षणातून आली. पोटातील व्रणासाठी ज्यांच्या जठराचा मोठा भाग काढावा लागे, ते रोगी पुढे बारीकच राहतात, हे अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे शल्यविशारद एडवर्ड मेसन ह्यांच्या ध्यानात आले. त्यांनी आणि चिकाशी इटो ह्यांनी १९६६ मध्ये स्थूलतेसाठी जठराला वळसा देणारी पहिली शस्त्रक्रिया केली. आज ह्या शस्त्रक्रियेत जठराच्या वरच्या टोकाशी दोन मोठे चमचे पदार्थ मावेल एवढीच पिशवी ठेवतात आणि लहान आतडे खालून आणून तिला जोडतात. दुसऱ्या प्रकारात जठराचा सुमारे तीनचतुर्थांश भाग उभा कापून काढतात आणि सदऱ्याच्या बाहीसारखी अरुंद नळी शिल्लक ठेवतात. काढलेल्या भागातच घ्रेलिन मुख्यतः तयार होत असल्यामुळे भुकेची हाक मंदावते. म्हणजे येथे केवळ पिशवी लहान होत नाही. शरीराने चालविलेल्या त्या झगड्याची हत्यारेच काही अंशी काढून घेतली जातात. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या पाहणीचे निष्कर्ष २००७ मध्ये आले, तेव्हा शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण तुलनेने कमी आढळले. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीप्रमाणे बी.एम.आय. ३५ वा अधिक असेल, किंवा ३० च्या पुढे असून मधुमेहासारखा विकार जडलेला असेल, तर हा उपाय सुचवावा. आशियाई लोकांच्या बाबतीत २७.५ पासूनही त्याचा विचार करता येतो.

ह्या शस्त्रक्रियेने भूक घटते, शरीराची गरज मात्र घटत नाही. रक्त, स्नायू, हाडे, मज्जातंतू ह्यांना पूर्वीइतकेच द्रव्य हवे असते, आणि ते आता चार घासांतून मिळवावयाचे असते. म्हणून प्रत्येक घास मोलाचा होतो. नेमकी येथेच आपल्या घरांतील प्रेमळ परंपरा आडवी येते. घरात कोणी आजारी पडले की आपण त्याच्यापुढे काय ठेवतो? गोव्यात आणि कोकणात तांदळाची पेज. इतरत्र मऊ भात, साबुदाण्याची खीर, फळांचा रस. पेज पचावयास हलकी हे खरे. पण ती म्हणजे पाणी आणि पिष्ट. दोन चमच्यांच्या पिशवीत पेज भरली की प्रथिनांना जागाच उरत नाही. घरातली वडील मंडळी ज्याला 'हलके' म्हणतात ते ह्या रोग्याला उपाशी ठेवणारे असते, आणि सुनेला हे सासूबाईंना समजावून सांगणे सोपे जात नाही. शस्त्रक्रियेपूर्वी आहारतज्ज्ञाकडे जाताना रोग्याबरोबर घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीने अवश्य जावे, ते ह्यासाठी.

क्रम साधारणतः असा असतो. पहिले एकदोन दिवस पाणी आणि गाळलेले पातळ कढण. पुढे सुमारे दोन आठवडे दूध, ताक, गाळलेले वरण आणि डॉक्टरांनी सुचविलेली प्रथिनांची पूड. त्यानंतर काही आठवडे घोटलेले वरण, दही, कुस्करलेले पनीर, मऊ शिजविलेले अंडे, काटे काढलेला मासा. दोनएक महिन्यांनी नेहमीचे जेवण, पण ताटातला क्रम बदललेला : आधी प्रथिने, मग भाजी, आणि जागा उरली तर पोळी किंवा भात. प्रत्येक रुग्णालयाचा दिवसांचा हिशेब थोडा वेगळा असतो. आपल्या डॉक्टरांनी दिलेला कागद प्रमाण मानावा. घास पुष्कळ वेळ चावावा, जेवण वीसएक मिनिटे चालावे आणि पोट भरल्याची पहिली जाणीव होताच थांबावे. जेवताना पाणी पिऊ नये. जेवणानंतर अर्ध्या तासाने घोट घोट घेत दिवसभरात दीड ते दोन लिटर पुरे करावे.

प्रथिने रोज साठ ते ऐंशी ग्रॅम हवीत. साठाचा हिशेब मांडून पाहू. एका अंड्यात सहा ग्रॅम. माशाच्या किंवा कोंबडीच्या पन्नास ग्रॅमच्या तुकड्यात दहाच्या जवळपास. शाकाहारी घरात चारशे मिलिलिटर दुधाचे तेरा, पन्नास ग्रॅम पनीरचे नऊ, दोन वाट्या घट्ट वरणाचे दहा-अकरा, तीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांचे पंधरा, मूठभर भाजलेल्या चण्यांचे सहा, आणि लहान वाटीभर दह्याचे तीन. एवढे सारे मिळून सत्तावन्न होतात. पहिल्या काही महिन्यांत इतके पोटात जाणारच नाही, म्हणून पुडीची मदत लागते. वरणाचे नुसते वरचे पाणी वाढणाऱ्यांनी हा हिशेब भिंतीवर टांगावा.

गोडाची एक वेगळीच तऱ्हा आहे. आतड्याला वळसा दिलेल्या माणसाने श्रीखंड किंवा बेबिंका खाल्ली की साखर धाडकन आतड्यात उतरते. छाती धडधडते, घाम सुटतो, पोटात कळ येऊन जुलाब होतात, आणि काहींची रक्तातील साखर एकदोन तासांनी फार खाली जाते. नाताळच्या फराळात किंवा दिवाळीत 'एवढ्याने काय होते' असा आग्रह करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. दारूही पूर्वीपेक्षा लवकर आणि अधिक चढते. गोव्यात मेजवानीत पेला पुढे करणे हे अगत्याचे लक्षण समजतात, म्हणून हा उल्लेख केला.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. माझ्या परिचयातील एका शिक्षिकेवर ही शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या आठवड्यापासून त्यांना उलट्या होऊ लागल्या. घरच्यांचा निष्कर्ष झाला : जुनी सवय सुटत नाही, चोरून जास्त खात असणार, म्हणून उलटते. बाईही लाजेने गप्प राहिल्या. खात होत्या त्या पेज, आणि तीही टिकत नव्हती. तीन आठवड्यांनी त्यांना एकाच्या ठिकाणी दोन वस्तू दिसू लागल्या, चालताना तोल जाऊ लागला आणि बोलण्यात गोंधळ होऊ लागला. जवळच्या दवाखान्यात अशक्तपणा म्हणून ग्लुकोजचे सलाइन लावण्याची तयारी झाली होती. तेवढ्यात एका तरुण डॉक्टरने शस्त्रक्रियेची चौकशी केली आणि आधी ब-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले. डोळे काही दिवसांत निवळले. पाय सावरावयास अनेक महिने लागले.

ह्या विकाराचे वर्णन कार्ल वेर्निके ह्या जर्मन वैद्याने १८८१ मध्येच केले होते. ब-१ जीवनसत्त्व, ज्याला थायमिन म्हणतात, त्याचा शरीरातील साठा जेमतेम दोनतीन आठवडे पुरतो. उलट्या चालू राहिल्या की तो संपतो आणि मेंदूवर आघात होतो. अशा वेळी थायमिनपूर्वी ग्लुकोज दिले, तर ते जाळण्यासाठी उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते आणि रोग बळावतो. येथे पेजेची गोष्ट पुन्हा येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर आइकमन नावाच्या डच वैद्याला असे दिसले की, सडलेल्या पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंडा असलेल्या तांदळावर पोसलेल्या पडत नाहीत. बेरीबेरीचे कोडे त्यातून सुटत गेले आणि १९२९ मध्ये आइकमनला नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पांढऱ्या तांदळाच्या पेजेत हे जीवनसत्त्व जवळजवळ नसते. तेव्हा शस्त्रक्रियेनंतर दोनतीन दिवस सतत उलट्या झाल्या, तर रोग्याच्या सवयींची चौकशी करीत बसू नये; त्याच दिवशी शल्यविशारदाकडे न्यावे. दृष्टी, तोल आणि शुद्ध ह्यांपैकी एकातही फरक दिसला, तर रात्र उजाडण्याची वाट पाहू नये.

इतर उणिवा सावकाश येतात, म्हणूनच फसवितात. ब-१२ जीवनसत्त्व शोषण्यास जठरातील एक द्रव्य लागते, आणि ते आता कमी पडते. यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे हातापायांना मुंग्या येऊ लागतात तोपर्यंत शस्त्रक्रिया विस्मृतीत गेलेली असते. आपल्याकडील शाकाहारी माणसात हे जीवनसत्त्व आधीच तुटपुंजे असते, तेव्हा त्याची मुदत आणखी थोडी. मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रीला रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह लागते. कॅल्शियम १,२०० ते १,५०० मिलिग्रॅम, पण एका वेळी पाचशे-सहाशेहून अधिक नव्हे. आणि लोह व कॅल्शियम ह्यांत दोन तासांचे अंतर ठेवावे, कारण दोघे एकमेकांच्या वाटेत येतात. लोहाची गोळी चहाबरोबर घेणे म्हणजे ती वाया घालविणे. ह्या गोळ्या जन्मभराच्या आहेत. 'आता वजन उतरले, गोळ्या कशाला?' हा प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हमखास विचारला जातो. रक्ताची तपासणी पहिल्या वर्षी तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, नंतर दर वर्षी करावी. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, ते बहुधा पुन्हा येतात. तेवढ्याने घाबरून भलती तेले विकत घेऊ नयेत. वजन उतरल्यावर पूर्वी न होणारी गर्भधारणा सहज होऊ शकते, पण ती बारा ते अठरा महिने पुढे ढकलावी, असा डॉक्टरांचा आग्रह असतो. आईलाच पुरत नाही तेथे गर्भाला कोठून मिळणार?

उपवासाचेही विचारून घ्यावे. आमच्या धर्मसभेच्या नियमांत राखेच्या बुधवारचा आणि शुभ शुक्रवारचा उपवास अठरा ते एकोणसाठ वर्षांच्या निरोगी माणसांसाठी आहे. आजारी माणसाला त्यातून सूट आहे. निर्जळी एकादशी किंवा रोजे धरणाऱ्यांनीही आधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, कारण ह्या जठरात सायंकाळी एकदम भरपाई करता येत नाही.

एक शेवटची सूचना. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने खिशात किंवा पाकिटात एक जाड कागदाचे कार्ड बाळगावे. त्यावर शस्त्रक्रियेचा प्रकार आणि तारीख, शल्यविशारदाचा दूरध्वनी क्रमांक, आणि इंग्रजीत दोन ओळी लिहून घ्याव्यात : आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशी वेदनाशामके देऊ नयेत, आणि उलट्या होत असल्यास ग्लुकोजच्या सलाइनपूर्वी थायमिन द्यावे. कार्डाची एक प्रत घरात, स्वयंपाकघराच्या कपाटाला आतून चिकटवून ठेवावी.